मंगळवेढ्याच्या शिवारातील पौष

थंडीचे दिवस आले म्हणजे शहरातील सुखवस्तू मंडळी थंड हवेच्या ठिकाणी जावयाचे बेत करू लागतात. डोंगरावरची थंडी चांगली असते, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ज्या कुटुंबांची देशावर चार बिघे का होईना, पण काळी जमीन शिल्लक आहे, त्यांनी पौष महिन्यातील आठ दिवस त्या जमिनीवर काढून पाहावेत, अशी आमची सूचना आहे. तेथे पाहावयाचे असे काही नसते. ना देवालय, ना धबधबा. तरीही पाठशाळेतील चाकरी संपवून आम्ही जेव्हापासून मार्गशीर्ष ते माघ हे तीन महिने शेतावर राहू लागलो, तेव्हापासून वर्षातील इतर नऊ महिने आम्हांस त्यांची केवळ प्रस्तावना वाटू लागली आहे.

आमचे शेत मंगळवेढ्याच्या शिवारात आहे. पंढरपूरच्या आग्नेयेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, भीमा व माण या नद्यांच्या मधल्या सपाट प्रदेशात हे गाव वसले आहे. गाव जुने. कल्याणीस जाण्यापूर्वी कलचुरी राजांची राजधानी येथे होती व महात्मा बसवेश्वरांच्या आयुष्याचा काही काळ येथेच गेला. पुढे बेदरच्या बादशाहीत, इ. स. १४५८ ते १४६० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला असता, येथील कारभारी दामाजीपंत यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्या रयतेस मोकळी केली, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? त्याही आधी, १३३८ साली, याच गावाच्या कुसवाचे काम चालू असता भिंत कोसळून तिच्याखाली चोखोबा गेले. कान्होपात्राही येथलीच. म्हणजे या गावाची कीर्ती धान्याची आहे, तशीच ती राबणाऱ्या देहांचीही आहे. शेतावर राहू लागल्यापासून ही दुसरी गोष्ट आमच्या वारंवार मनात येते.

१९४८ सालापर्यंत मंगळवेढे हा सांगली संस्थानचा तालुका होता. संस्थान विलीन झाले, त्याच साली कूळ कायदा आला, आणि आमच्या आजोबांच्या नावावरची बहुतेक जमीन कसणाऱ्यांकडे गेली. ते योग्यच झाले. घरात कसणारा कोणी होता म्हणून अकरा एकर राहिले. आज त्या अकरा एकरांच्या सातबाऱ्यावर सात नावे आहेत आणि शेतात पाय मात्र दोनच माणसांचे उमटतात: आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा मुलगा आणि त्याची पत्नी. पुतण्याने शेतकीची पदविका घेतली आहे. सूनबाई गावातल्या शाळेत शिकवते व सुट्टीच्या दिवशी खुरपे घेते.

आता येथील थंडी कशी असते ते सांगतो. दिवस उबदार व कोरडा असतो. ऊन पाठीवर घ्यावे असे. सूर्य मावळला की मातीतील ऊब झपाट्याने ओसरते आणि पहाटेपर्यंत पारा दहा-बारा अंशांवर येतो. डोंगराचा आडोसा नाही, झाडी विरळ, म्हणून वारा थेट अंगाला भिडतो. सोलापुरी चादरीच्या आत घोंगडे घेतल्याखेरीज झोप लागत नाही. पहाटे उठून दार उघडावे तो सारे शिवार धुक्यात बुडालेले, आणि ज्वारीच्या पानापानावरून दव ठिबकत असल्याचा बारीक आवाज कानी येतो. तो आवाज ऐकावयास मनुष्याने एकदा तरी पहाटे साडेपाच वाजता शेताच्या बांधावर गप्प उभे राहिले पाहिजे.

या दवाचे महत्त्व आम्हांस पुतण्याने समजावून दिले. मंगळवेढ्याची ज्वारी ही रब्बीची ज्वारी. वर्षाकाठी पाऊस अवघा पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही बहुतेक भाद्रपद-आश्विनात. पावसाळाभर हे रान मोकळे ठेवून पाणी जिरवावयाचे, उत्तरा-हस्ताच्या सुमारास वाफशावर पेरावयाचे, आणि नंतर आभाळाकडे न पाहता जमिनीच्या पोटातील ओलीवर पीक माघ-फाल्गुनापर्यंत न्यावयाचे, अशी ही पद्धती आहे. काळी माती वाळू लागली की तिला भेगा पडतात. भेगांतून ओल उडून जाते व मुळ्या तुटतात. म्हणून पेरणीनंतर पुन्हा पुन्हा कोळपे फिरवून भेगा बुजवावयाच्या. पाणी देण्याची सोय नसेल तेथे पाणी राखण्याची विद्या लागते, ती ही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला ‘मालदांडी’ हा वाण याच विद्येवर पोसलेला आहे. त्याचा दाणा मोत्यासारखा, भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ, आणि कडबा गुरांना गोड. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा गावास सार्थ अभिमान आहे.

आमची सकाळ बंबापाशी सुरू होते. तांब्याच्या बंबात तुरीच्या काटक्या व कणसांची बुरकुंडे घालून पाणी तापवावयाचे, हे काम आम्ही मागून घेतले आहे. बंबाभोवती घरची मांजर, शेजारची दोन मुले आणि आम्ही असे चौघे हात शेकत बसतो. वाल्मीकींनी अरण्यकांडात हेमंताचे जे वर्णन लक्ष्मणाच्या तोंडी घातले आहे, त्यात या ऋतूत अग्नी हवासा व पाणी नकोसे होते असे म्हटले आहे. तहानलेला रानहत्तीही थंड पाण्याला सोंड लागताच ती मागे घेतो. वर्गात हा सर्ग आम्ही कितीतरी वेळा शिकविला. त्या हत्तीचे मन मात्र बंबाचे पाणी तापण्यापूर्वी तोंड धुताना कळते.

सूर्य हातभर वर आला की आम्ही हरभऱ्याच्या तुकड्याकडे जातो. येथे राखणीस असलेले वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारा गाव ‘आबा’ म्हणतो, त्यांनी रात्रीच हरभऱ्यावर एक स्वच्छ धोतराचे पान पसरून ठेवलेले असते. हरभऱ्याच्या पानांवरील बारीक लवेतून आंबट द्रव पाझरतो. रात्री दवात मिसळून तो फडक्यात उतरतो. पहाटे फडके पिळले की निघते ती ‘आंब’. शास्त्रज्ञ तीत मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले असल्याचे सांगतात; आबा तिला पोटदुखीचे औषध म्हणतात व बाटलीत भरून वर्षभर ठेवतात. हरभऱ्यातून अनवाणी चालून आले की पायांना तोच आंबटपणा चिकटतो व बारीक ओरखडे झोंबतात. मग धुऱ्यावर बसून हिरवे घाटे सोलून खावयाचे. एका घाट्यात एक किंवा दोन दाणे. पोट भरण्याची घाई असणाऱ्याने या वाटेस जाऊ नये.

ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असतात. त्या काट्यांमुळे मोकाट गुरे आत शिरत नाहीत. कुंपण ते कुंपण आणि तेल ते तेल. कणसात दूध भरू लागले की खरी राखण सुरू होते. शेताच्या मध्यावर चार मेढींवर माळा बांधलेला असतो. त्यावर उभे राहून आबा गोफण फिरवितात. तिचा सटकारा झाला की चिमण्या-मुनियांचा थवा एका अंगाने उठून दुसऱ्या अंगास बसतो. आम्ही एकदा विचारले, “आबा, एकही पाखरू पडलेले दिसत नाही, नेम चुकतो काय?” ते म्हणाले, “मास्तर, गोफण पाखराला माराया नसती, सांगाया असती.” शिक्षकाच्या पेशात पस्तीस वर्षे घालविलेल्या माणसास हे वाक्य कोरून ठेवावे असे वाटले तर नवल नाही.

दुपारचे जेवण माळ्याच्या सावलीत होते. भाकरी, विस्तवावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, शेंगदाण्याची चटणी, पातीचा कांदा आणि ताक. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी व हरभरा, गाजर, वाटाणा, बोरे, ऊस असे सारे एकत्र नांदणारी भाजी. लातूर-धाराशिवाकडे व पलीकडे कर्नाटकात मार्गशीर्षी अमावास्येला सारे गाव शेतात जेवावयास जाते. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून त्यांची पूजा होते आणि वाटसरूसही आंबील पाजल्याशिवाय सोडीत नाहीत. आमच्याकडे तो थाट नसला, तरी पंगतीत बांधावरून जाणारा एखादा तरी माणूस बसतोच.

आणि मग हुरडा. दाण्यातील दूध आळून खव्यासारखे होते, परंतु तो अजून कठीण झालेला नसतो, अशी अवस्था एका कणसाच्या नशिबी जेमतेम आठ-दहा दिवस येते. त्यानंतर दाण्यातील साखरेचे पीठ होते व गोडी जाते. जमिनीत वितभर खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवावयाच्या, ही आगटी. ज्वाळा विझून निखारे फुलले की त्यांत कणसे खुपसावयाची, फिरवीत राहावयाचे, दाणा तडतडू लागला की काढून गरम असतानाच तळहातांवर चोळावयाचे आणि फुंकर घालून कोंडा उडवावयाचा. हात भाजतात; भाजू द्यावेत. सोबत लसणाची चटणी, गूळ, खोबऱ्याचा तुकडा व दही. हेमंतात बाह्य थंडीने कोंडलेला जठराग्नी बलवान होतो व त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो देहातील रसच जाळू लागतो, असे चरकाचार्यांनी सांगून ठेविले आहे. हुरड्याच्या आगटीभोवती बसलेल्या मंडळींना एवढा शास्त्राधार पुरेसा होतो.

गेल्या पौषात आमच्या आगटीभोवती घरची एकवीस माणसे बसली होती. पुण्याहून एक बंधू, ठाण्याहून दुसरे, दोघांच्या सुना, नातवंडे, सोलापूरची बहीण व तिचे कुटुंब. एवढी मंडळी केवळ हुरड्यासाठी जमली नव्हती. गावावरून रत्नागिरी–नागपूर महामार्ग गेल्यापासून रस्त्याकाठच्या जमिनीचे भाव चढले आहेत. आमच्या शेतापैकी चार एकर रस्त्यास लागून आहेत व त्यांना गिऱ्हाईक आले होते. सात सह्या हव्या होत्या.

ठाण्याचे बंधू हिशेबी व सरळ मनाचे. ते म्हणाले, “ज्वारीत काय उरते ते सर्वांना ठाऊक आहे. तीच रक्कम बँकेत ठेवली तर व्याज अधिक येईल, आणि ते सातही घरांना येईल.” यात खोटे काही नव्हते. त्यांची नात मात्र एकदम म्हणाली, “शेत विकलं तर आपण हुरड्याला कुठे यायचं?” सर्व हसले. दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणीही आले. बोलणे एकाएकी जमीन राखण्याच्या बाजूस झुकले; वाडवडिलांची आठवण निघाली, मातीचा वास निघाला.

पुतण्या निखाऱ्यांत कणसे फिरवीत होता. तो हळूच म्हणाला, “काका, हुरड्यासाठी शेत ठेवायचं असेल, तर मला ते परवडत नाही. ज्वारी पौषात दहा दिवस गोड असते. बाकीचे चार महिने ती पीक असते.”

कोणी काही बोलले नाही. मग त्याने सांगावयास सुरुवात केली, आणि सांगताना आवाज चढविला नाही. मालदांडीची काढणी यंत्राने धड होत नाही. कडबा मोलाचा असल्यामुळे ताट मुळासकट हाताने उपटावे लागते. उपटणारे मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरीतच पिकाचा मोठा भाग जातो. उजनी धरणाचे काम १९८० साली पूर्ण झाल्यापासून भीमेच्या खोऱ्यात पाणी आले तेथे ऊस आला. उसाचा पैसा मोठा, पण शेजारचा शेतकरी रात्रीची वीज आली म्हणून या थंडीत दोन वाजता विजेरी घेऊन गुडघाभर चिखलात पाणी देत असतो. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे म्हणून साजरे झाले. ज्वारीचे गुणगान पुष्कळ झाले, उपटावयास मात्र कोणी आले नाही. “विका म्हणालात तर मी सही करीन,” तो म्हणाला, “राखा म्हणालात तर राखीन. पण राखायचं ते आठवणीसाठी, की पिकासाठी, एवढं सांगा.”

त्या क्षणी आम्हांस अरण्यकांडातील तोच सर्ग पुन्हा आठवला. पंचवटीची ती रम्य पहाट वर्णिता वर्णिता लक्ष्मण मध्येच भरताची आठवण काढतो. राज्य हाती असून भोग सोडलेला भरत या कडाक्याच्या थंडीत भुईवर निजत असेल, याच वेळी शरयूवर स्नानास निघाला असेल, असे तो म्हणतो. ऋतूचे सौख्य भोगताना मागे राहून सांभाळणाऱ्याची आठवण होणे, हे त्या वर्णनाचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते. आम्ही ते मंडळींस सांगितले. नातवंडांना ते प्रवचन वाटले असेल; बंधूंना वाटले नाही.

निकाल मात्र आमच्या वहिनींनी दिला. पुतण्याच्या आई त्या, वय त्र्याहत्तर. त्या म्हणाल्या, “ज्याला सही करायची असेल, मग ती विकायची असो की राखायची, त्यानं माघात येऊन एक दिवस ज्वारी उपटून पाहावी. मग कागद काढा.” यावर वाद घालण्याची प्राज्ञा कोणाची?

माघात सातांपैकी पाच सह्यांची माणसे आली. उकिडवे बसून दोन्ही हातांनी ताट धरावे, अंग मागे टाकून ओढावे, मुळांची माती झटकावी, ओळीने पाडावे. पहिल्या तासात गंमत वाटली. दुसऱ्या तासात तळव्यांना फोड आले. ज्वारीच्या पात्याने कोपरापर्यंत चरे पडले. पुण्याचे बंधू दुपारपर्यंत टिकले. ठाण्याच्या बंधूंची पाठ धरली तेव्हा त्यांनी धुऱ्यावर बसून पेंढ्या मोजण्याचे काम पत्करिले व ते चोख केले. हुरड्याच्या वेळी प्रश्न विचारणारी ती नात दोन्ही दिवस सूनबाईच्या ओळीने चालली. आबा आणि गावातील मजूर बाया आमच्या पुढे दहा-दहा हात निघून जात व तेथून मागे वळून हसत. त्या हसण्यात टिंगल नव्हती. इतक्या वर्षांनी कोणी आपले काम पाहावयास आले आहे, असा काहीसा भाव होता.

दुसऱ्या रात्री कागद निघाला, पण तो वेगळा निघाला. पाच वर्षे जमीन विकावयाची नाही, काय पेरावयाचे ते पेरणाऱ्याने ठरवावे, उत्पन्न कसणाऱ्याचे, आम्हां सर्वांना वर्षाची ज्वारी हवी असेल तर ती बाजारभावाने रोख पैसे देऊन घ्यावी, आणि काढणीची निम्मी मजुरी सहा घरांनी वाटून द्यावी. पाच वर्षांनी पुतण्या म्हणेल तर रस्त्याकडचे चार एकर विकावयाचे. जे दोघे आले नाहीत त्यांनीही पुढे संमती कळविली. ही व्यवस्था टिकेल काय, हे पाच वर्षांनी कळेल. ऊस लावण्याचा मोह पुतण्यास होणार नाही असे आम्ही म्हणत नाही. झाला तर त्याने लावावा. आमच्या पौषाखातर त्याने तोटा सोसावा, अशी अपेक्षा धरणे न्यायाचे नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेच एखादे शेत असेल. सातबाऱ्यावर नावे पुष्कळ आणि बांधावर माणूस एक. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, येत्या पौषात तेथे अवश्य जावे. बंबाच्या उबेला बसावे, हरभऱ्याची आंब जिभेवर घ्यावी, आगटीशी हात भाजून घ्यावेत. या सुखांना खर्च नाही, आणि वार्धक्यात तर त्यांच्यासारखा सोबती नाही. फक्त परत निघताना कसणाऱ्याला विचारावे की, “काढणी कधी आहे?” तो जी तिथी सांगेल ती पंचांगात खूण करून ठेवावी, आणि त्या दिवशी जुने धोतर बरोबर घेऊन जावे.